बहात्तर की एकशे चव्वेचाळीस

आमच्या दाजींना गाता येत नाही. शिट्टी वाजवायला गेले तर नुसती हवा येते. पण गेली एकोणीस वर्षं ते दिवसाला चाळीस धुना ऐकतात आणि प्रत्येकीपुढे तीन चौकोन भरतात : वेग, पट्टी, भाव. मिनिटाला ठोके किती, सूर कुठल्या घरचे, आणि ऐकून माणसाला काय व्हावं. तिसरा चौकोन सगळ्यांत छोटा आहे. त्यात एखाददुसराच शब्द मावतो.

त्यांची कंपनी तयार संगीत पुरवते. दुकानं, लिफ्ट, जाहिराती, दंतवैद्यांच्या खोल्या. थोडक्यात, ज्यांना संगीत हवं असतं पण संगीतकार नको असतो, अशा सगळ्यांना. गिऱ्हाईक संगणकात लिहितं, ‘आनंदी, एकशे वीसच्या वर’, की दाजींनी तसं नोंदवलेले सगळे तुकडे समोर येतात. कचेरीत धुनेला तुकडाच म्हणतात. भावांची यादी अठ्ठावीस शब्दांची आहे आणि ती छापून भिंतीवर लावली आहे : आनंदी, उत्साही, प्रेमळ, गूढ, विजयी, खट्याळ, उदास वगैरे. एकोणतिसावी भावना माणसाला होत नाही, असं कंपनीचं मत.

कचेरी एका लॉन्ड्रीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. खालची वाफ जिन्यातून वर येते, त्यामुळे दाजींच्या कपड्यांना कायम दुसऱ्याच्या इस्त्रीचा वास. टेबलावर एक संगणक, कानांवर घालायचा हेडफोन आणि खेळण्यातला वाटावा एवढासा कीबोर्ड. तुकडा सुरू झाला की दाजी डोळे मिटतात आणि उजवी टाच जमिनीवर आपटू लागतात. पंधरा सेकंद मोजायचे, चारनं गुणायचं. एकोणीस वर्षांत टाचेखालच्या फरशीला खळगा पडलाय. मग कीबोर्डची एकेक पट्टी दाबून बघायची. ज्या सुरावर तुकडा घरी येऊन चप्पल काढल्यासारखा वाटतो, ती त्याची पट्टी. भाव मात्र ते शेवटी लिहितात, आणि लिहिण्याआधी खिडकीतून एकदा बाहेर बघतात. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे.

ही सवय घरीही सुटली नाही. आमच्या ताईला पहिल्यांदा भेटून आल्यावर त्यांनी आपल्या आईला सांगितलं होतं, “मुलगी चांगली आहे. एकशे अठ्ठावीसनं बोलते.” लग्नानंतर तो वेग कधी कमी झाला नाही. फ्रिज कुठल्या सुरात गुणगुणतो, वरच्या मजल्यावरचं नवरा-बायकोचं भांडण आज नेहमीपेक्षा किती मंद आहे, हे दाजी जेवताना सांगतात. एकदा डॉक्टरांनी त्यांची नाडी धरून ‘चौऱ्याऐंशी’ म्हटलं, तर हे म्हणाले, “अठ्ठ्याऐंशी. परत मोजा.” डॉक्टरांनी परत मोजली. अठ्ठ्याऐंशी निघाली. तेव्हापासून ते डॉक्टर त्यांना बघितलं की आधी औषध लिहून देतात.

अशा माणसाच्या घरी आमचे बाबा राहायला गेले.

बाबा शहराच्या वाद्यवृंदात चाळीस वर्षं ट्रँगल वाजवायचे. ट्रँगल म्हणजे ती लोखंडाची तिकोनी सळई, दोरीला टांगायची आणि बारक्या दांडीनं टिंग करायची. साठ माणसं घाम गाळत वाजवत असतात आणि मागे कोपऱ्यात एक माणूस उभा राहून मोजत असतो. दोनशे ठोके, तीनशे ठोके. मग एक टिंग. मग पुन्हा मोजणी. टिंग करायला अक्कल लागत नाही, म्हणायचे बाबा, न करायला लागते. चाळीस वर्षांत ते एकदाच चुकले, आमच्या ताईच्या जन्माच्या दिवशी. दोन ठोके आधीच टिंग झालं. ते अजून ताईला त्याबद्दल बोलतात.

आता एका छपराखाली दोन मोजणारे आले. एक मोजून लिहिणारा, एक मोजून वाजवणारा. बाबांच्या मते दाजी म्हणजे तराजू. “जन्मभर दुसऱ्याचा माल तोलला, स्वतः तोळाभर वाजवलं नाही.” दाजी जेवत राहायचे. फक्त एकदा म्हणाले, “बाबांनी तरी कुठे किलोभर वाजवलंय?” ते ताईनं पोचवलं. ताई एकशे अठ्ठावीसनं बोलते म्हटल्यावर काही मागे राहत नाही.

बहात्तराव्या वर्षी बाबांनी एक धून लिहिली. आयुष्यातली पहिली आणि, त्यांच्याच शब्दांत, शेवटचीही, कारण दुसरी लिहायला आणखी बहात्तर वर्षं लागतील. नाताळची धून. शब्द नाहीत, नुसता वाद्यवृंद. “नाताळचीच का?” मी विचारलं. म्हणाले, “वर्षातून एकदा का होईना, लोक ट्रँगल सहन करतात.”

ती वाजवायला त्यांनी आपले निवृत्त सोबती गोळा केले. एका शाळेच्या व्यायामशाळेत, भर उन्हाळ्यातल्या दुपारी, एकतीस म्हातारी माणसं बनियनवर बसून बर्फाची धून वाजवत होती. हॉर्नवाल्यांचा श्वास मध्येच संपला, तेव्हा सगळे थांबले, त्यांना पाणी दिलं, पुन्हा पहिल्यापासून. चेलोवाल्या मावशी एक पान उलटायला विसरल्या आणि दुसऱ्यांचं वाजवू लागल्या. ते जास्त बरं लागलं म्हणून तसंच ठेवलं. बाबा मागे कोपऱ्यात उभे. आम्हाला वाटलं होतं, स्वतःचीच धून आहे तर म्हातारा हौस भागवून घेणार, टिंगटिंग करून जीव नकोसा करणार. पण पूर्ण साडेतीन मिनिटांत त्यांनी स्वतःला एकच टिंग लिहिलं होतं. बरोबर तीन मिनिटांवर.

“एकच?” ताई म्हणाली.

“जास्त वाजवलं तर माणसं दार उघडायला उठतात.”

मग त्यांनी ती कुणाला न सांगता जावयाच्याच कंपनीकडे पाठवली. अर्ज स्वतः भरला : वेग एकशे चव्वेचाळीस, पट्टी जी मेजर, भाव आनंदी. कंपनीचा नियम असा की संगीतकारानं भरलेलं कुणी वाचत नाही. प्रत्येक बापाला आपलं पोर हसरंच वाटतं. तुकड्याला नंबर पडतो, नाव झाकलं जातं आणि तो दाजींच्या संगणकात येतो. दाजी लिहितात ते शेवटचं. आणि त्या हंगामात जो तुकडा कुणीच उचलत नाही, तो तळघरात जातो. तळघर म्हणजे खरं तळघर नव्हे, संगणकातलाच एक कप्पा. पण तिथून परत कुणी आलेलं नाही.

नाताळचे तुकडे कंपनीत उन्हाळ्यात ऐकतात, म्हणजे थंडीपर्यंत यादी तयार होते. त्या महिन्यात दाजी घरी येतात तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही. तीनशे तुकडे, प्रत्येकात घुंगरं, प्रत्येकात बर्फ, आणि डोक्यावरचा पंखा बंद, कारण त्याचा आवाज सुरात नाही. दोनशे अकरावा तुकडा सुरू झाला. दाजींची टाच पडू लागली. तीन मिनिटं झाली आणि एक टिंग आलं. दाजींनी डोळे उघडले. असं टिंग, जे अजून कसं आलं नाही म्हणून आपण बसल्या जागी पुढे सरकलेलो असतो आणि ते आपल्याला कळलेलंही नसतं, असं टिंग शहरात एकच माणूस करतो. तो माणूस रोज सकाळी त्यांच्याआधी न्हाणीघरात शिरायचा.

त्या रविवारी मी ताईकडे जेवायला होतो. दाजींनी हात धुतले आणि म्हणाले, “बाबा, दोनशे अकरा नंबर तुमचा.”

बाबांनी घास थांबवला. “मग? काय लिहिलंस?”

“अजून लिहिलं नाही. पण बहात्तर आहे.”

“काय बहात्तर?”

“वेग.”

“एकशे चव्वेचाळीस आहे तो!” बाबांनी ताट बाजूला सारलं. “मी लिहिलाय. मला विचार.”

“माझी टाच बहात्तरला पडते.”

“तुझी टाच आळशी आहे! एक ठोका घेते, एक गिळते.”

माझ्यासारख्या अडाण्याला दाजींनी तेव्हा समजावलं. एकाच धुनेला कुणी चालत ऐकतं, कुणी धावत. धावणाऱ्याची दोन पावलं पडतात तेव्हा चालणाऱ्याचं एक. धून तीच, दोघेही तिच्याबरोबरच असतात, दोघेही बरोबर. पण चौकोनात आकडा एकच लिहायचा असतो, आणि नाताळात दुकानं बहात्तर कधीच मागत नाहीत. बहात्तरनं गिऱ्हाईक रेंगाळतं, वस्तू हातात घेऊन विचार करतं, आणि विचार केला की परत ठेवतं.

“आणि पट्टी?” बाबांनी विचारलं. तोवर त्यांचा आवाज शांत झाला होता, ते जास्त वाईट.

“ई मायनर.”

“जी मेजर! हसरी पट्टी आहे ती!”

“सूर तेच आहेत बाबा. पण तुमची धून पुढच्या दारानं जातच नाही. दर वेळी दारापर्यंत येते आणि मागच्या अंगणात जाऊन बसते.”

ताई वाढता वाढता थांबली. “हे बघा, अंगण-बिंगण मला कळत नाही. ‘आनंदी’ लिहा आणि मोकळे व्हा. एक शब्द तर आहे. माझ्या भाजीला नाही का रोज ‘छान’ म्हणता?”

“ते घर आहे,” दाजी म्हणाले. “ती कचेरी आहे.”

हे वाक्य त्यांना पुढे बरेच दिवस महाग पडलं.

पण दाजींची अडचण खरी होती. ‘आनंदी’ लिहिलं तर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं जाणार. ‘उदास’ लिहिलं तर धून थेट तळघरात, कारण नाताळला उदास कोण मागतं? आणि गंमत म्हणजे ‘उदास’ही खरं नव्हतं. त्यांनी तुकडा पुन्हा ऐकला. कामाच्या वेळेत अकरा वेळा. भिंतीवरचे अठ्ठावीस शब्द एकेक करून धुनेला घालून बघितले. कुठला खांद्यात घट्ट, कुठला बाह्यांत लांब. बाराव्या वेळी त्यांनी खिडकीतून बाहेरची भिंत बघितली आणि उठून मॅडमच्या खोलीत गेले.

मॅडम म्हणजे त्यांच्या साहेब. बारीक, चटपटीत बाई, बारा महिने सर्दी. दाजी त्या खोलीत एकोणीस वर्षांत तीनदा गेले होते, दोनदा रजा मागायला आणि एकदा चुकून.

“मॅडम, यादीत एक शब्द वाढवायला हवा.”

“कुठला?”

“वाट पाहणारा.”

मॅडमनी नाक पुसलं. “हा भाव आहे?”

“माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही.” मग दाजींनी सगळं सांगितलं, तुकडा कुणाचा, नातं काय. लपवाछपवी त्यांना जमत नाही. त्यालाही ताल लागतो.

“अहो, पण हा शब्द शोधणार कोण?”

“खरा आहे, मॅडम.”

“खरा मी मागितला होता का? मी शोधता येईल असा मागते.”

दाजींनी हेडफोन पुढे केला. मॅडमनी घातला. दोन मिनिटांनी त्यांनी तो काढायला हात वर नेला, तर आमच्या दाजींनी, ज्यांनी कधी शिपायालाही थांब म्हटलं नव्हतं, सरळ साहेबाला तळहात दाखवला. थांबा. मॅडम थांबल्या. त्यांना शिंक येत होती; तीही थांबली. तीन मिनिटं झाली. मग त्यांनी हेडफोन काढला, निवांत शिंकल्या आणि म्हणाल्या, “लिहा. पण या हंगामात कुणी उचलला नाही तर तळघर. सासरे असोत नाहीतर सासऱ्यांचे सासरे.”

घरी बातमी कळली तेव्हा बाबांनी दाजींशी बोलणं टाकलं. “तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे सरकव.” “तुझ्या नवऱ्याला विचार, न्हाणीघरात बहात्तरनं आंघोळ चाललीय का?” ताई निरोप पोचवायची, पोचवताना थोडी भर घालायची. बाबा मुद्दाम एकशे चव्वेचाळीसनं घास चावू लागले. त्यानं त्यांचं पोट बिघडलं, आणि डॉक्टरांकडे न्यायला दाजीच गेले. वाटेत दोघे एक शब्द बोलले नाहीत, पण दाजी नंतर मला म्हणाले, “चालताना बाबांचा वेग बरोबर बहात्तर आहे. मी बोललो नाही.”

उन्हाळा गेला. यादी बाजारात आली. दुकानांनी आपापले आनंदी, उत्साही, खट्याळ तुकडे उचलले. दोनशे अकराला कुणी विचारलं नाही. बाबा रोज संध्याकाळी, दाजी बूट काढत असताना, हवेला विचारायचे, “काय म्हणतंय तळघर?” दाजी बुटाची नाडी सोडत राहायचे. पण मला माहीत आहे, ते रोज कचेरीत गेल्या गेल्या पहिलं काम तेच करायचे, दोनशे अकराचा हिशेब उघडून बघायचे. तिथे शून्य असायचं. ताई म्हणायची, दोघेही झोपेत दात खातात, वेगवेगळ्या वेगानं.

आणि हंगाम संपायला आठ दिवस राहिले असताना तो उचलला गेला.

कुणी उचलला? पाणी तापवायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीनं. थंडीत लोकांची यंत्रं बंद पडतात, लोक फोन करतात, फोन घेणाऱ्या मुली कमी पडतात. तोवर कानात काहीतरी वाजायला हवं. तिथल्या कुणा सरळ डोक्याच्या माणसानं संगणकात लिहिलं, ‘वाट पाहणे’. उत्तरात एकच तुकडा आला. निवडायचा त्रास वाचला.

दाजींनी हे जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. मला वाटलं, आता बाबा पाण्याचा तांब्याच फेकतात. नाताळची धून, एकतीस माणसं, बनियनवर वाजवलेली, आणि ती बंबवाल्यांच्या फोनवर! पण बाबा थेट जावयालाच म्हणाले, “नंबर काय त्यांचा?”

दुसऱ्या दिवसापासून बाबा फोन लावू लागले. सकाळी चहा झाला की खुर्ची फोनजवळ, आवाज मोठा केलेला, समोर घड्याळ. पण ती कंपनी भलतीच तत्पर निघाली. धून सुरू व्हायची, बाबांचं बोट गुडघ्यावर मोजू लागायचं, आणि दीड-दोन मिनिटांत गोड आवाज यायचा, “नमस्कार, काय मदत करू?”

“अहो, एवढी काय घाई होती!” बाबा ओरडायचे. “चारशे बत्तीसावर टिंग आहे! तीनशेला कसला उचलता?”

मुलगी विचारायची, यंत्रातून टिंग असा आवाज येतोय का?

एकदा तर दोन मिनिटं पन्नास सेकंद झाली होती. बाबा उठून उभे राहिले, उजवा हात आपोआप वर गेला, दोन बोटांत नसलेली दांडी धरलेली. “नमस्कार, काय मदत करू?” बाबा खाली बसले. ताई म्हणाली, “बाबा, रेकॉर्ड आहे ना घरात, ती लावून ऐका.” बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की तिचं बोलणं थेट साठवर आलं. रेकॉर्ड काय, ती त्यांची त्यांनाच ऐकू येते. फोनवर रांगेतली दुसरी माणसंही ऐकत असतात.

कंपनीत बाबांचा आवाज ओळखीचा झाला. त्यांच्या घरी दुरुस्तीला दोनदा माणूस आला. यंत्र धडधाकट होतं.

मग नाताळच्या दोन दिवस आधी थंडी अशी पडली की अर्ध्या शहराची यंत्रं एकदम बसली. सकाळी साडेनऊला दाजी कचेरीत जायच्या ऐवजी बूट घालून फोनजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “बाबा, आज लावा. आज उचलणार नाहीत.”

मी योगायोगानं तिथेच होतो, कारण माझंही यंत्र बंद होतं आणि मी आंघोळीला आलो होतो.

बाबांनी फोन लावला. धून सुरू झाली. फोनच्या त्या डबीतून एकतीस म्हातारी माणसं मुंगीएवढी होऊन वाजवत होती. मध्येच बाईचा आवाज यायचा, “आपण रांगेत आहात,” आणि बाबा तेवढे ठोके मनात धरून ठेवायचे. एक मिनिट. दोन. चेलोवाल्या मावशींची चूक येऊन गेली. ताई ओल्या हातांनी दारात उभी राहिली. दाजींची टाच पडत होती, बाबांचं बोट पडत होतं. अडीच मिनिटं. पावणेतीन. बाबा उठले.

टिंग.

एवढंच. इवलंसं, फोनमधून आणखी इवलं. बाबांचा हात वर होता तो तसाच राहिला. दाजी म्हणाले, “बरोबर वेळेवर.” बाबा म्हणाले, “वेळेवरच असतं ते.” सात महिन्यांतला हा त्यांचा सगळ्यांत लांब संवाद.

धून संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि मध्येच कट्ट झालं. “नमस्कार, फार वेळ थांबावं लागलं, माफ करा हं.” मुलगी दमलेली होती, पण आवाज ओळखून जरा हसली. “काका, तुम्हीच ना? आज तरी यंत्र बिघडलंय का?”

“नाही हो.”

“मग लाइन मोकळी करा ना काका. आज लोक फार आहेत मागे.”

“किती आहेत?”

“सव्वीस.”

बाबा पुन्हा खुर्चीत बसले, नीट टेकून बसले. शेजारची रिकामी खुर्ची त्यांनी पायानं दाजींकडे सरकवली.

“मग असं करा,” ते फोनमध्ये म्हणाले, “मला सत्ताविसावा घाला.”